न्हाणीतली फवारणी

आमच्या आबांचा एक सिद्धांत आहे. एका औषधानं जे मरत नाही ते दोन औषधांनी मरतं. दोन्हींनीही नाही मेलं तर तिसरं टाकावं आणि वरून स्टिकर मारावं, म्हणजे मेलेलं परत उठून बसत नाही. स्टिकर म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून टाकीत घालतात तो बुळबुळीत द्रव. आबा म्हणजे माझे वडील. कळंबच्या अलीकडं आमची डाळिंबाची बाग आहे, आणि कीड, बुरशी, टॉनिक यांच्यासाठी वेगवेगळ्या फवारण्या करत बसायला बागायतदार काही रिकामटेकडा नसतो. सगळं एकाच टाकीत ओतायचं, काठीनं ढवळायचं, पंप पाठीवर घ्यायचा. सगळा तालुका हेच करतो आणि वर एकमेकांना सल्ले देतो.

बागेपुरतं हे ठीक होतं. बाग बिचारी बोलत नाही. पण आबा संध्याकाळी घरी येत आणि सिद्धांतही त्यांच्या मागोमाग चप्पल काढून आत येई.

पोट जड झालं की ते चिमूटभर खायचा सोडा जिभेवर टाकत, त्यावर तोंडातच लिंबू पिळत आणि वरून ओव्याचा अर्क. मग जे व्हायचं ते व्हायचं. नाकातून फेस, डोळ्यांतून पाणी, आणि तशातही बोट वर करून सांगणं, "बघ, लगीच काम झालं!" काय काम झालं ते त्यांच्या पोटालाच ठाऊक. फरशी पुसायच्या बादलीत ते फिनेल, कपड्यांची पावडर, तुरटी आणि नीळ असा चौरंगी काढा करत. नीळ कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पांढऱ्या कापडाला चालती, मग पांढऱ्या फरशीला नको व्हय?" पुढं बरेच दिवस आमच्या सोप्याची फरशी आभाळासारखी निळी होती. येणारे-जाणारे विचारत, "नवी बसवली का ओ?" आबा हो म्हणत.

माझ्या शाळेच्या स्वेटरमध्ये ते डांबरगोळ्या, कापूर आणि कडुलिंबाचा पाला असं तिन्ही घालून ठेवत. त्या स्वेटरला कधी कसर लागली नाही. वर्गात माझ्या बाकावर कधी दुसरी मुलगीही बसली नाही.

आई एकदम उलट. तिच्या लेखी प्रत्येक वस्तूला एकेक काम नेमून दिलेलं. तेलकट चादरीला धुण्याचा सोडा, पितळेला चिंच, गढूळ पाण्याला तुरटी, तव्याला राख. "एका येळी एकच," ती म्हणायची. "मंग काय कशानं झालं त्ये तरी कळतंय." ह्या वाक्याला आमच्या घरात काडीची किंमत नव्हती, कारण ते आईचं होतं.

आणि आईची छाती नाजूक. दम्याचा त्रास तिला माझ्या लहानपणापासून. त्या काळी चुलीचा धूर आणि उन्हाळ्यात मिरच्या कांडणं, एवढ्यावर तिनं तो कमावला. डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिलेला आहे, त्यालाही आमच्याकडं पंपच म्हणतात. म्हणजे घरात दोन पंप. एक आबांच्या पाठीवर, एक आईच्या कमरेच्या पिशवीत. आबांच्या पंपाची निगा जास्त. त्याचं नोझल रोज धुतलं जाई, आईचा पंप संपल्याचं ती खोकायला लागल्यावर कळे.

तर झालं असं की, माझ्या भावाची सोयरीक जमत आली. जमत आली म्हणजे मुलीकडच्यांनी अजून नाही म्हटलेलं नव्हतं. हल्ली आमच्याकडं याला जमत आली म्हणतात. भाऊ चांगला पस्तिशीला टेकलेला, निर्व्यसनी, बागायत, ट्रॅक्टर दारात. पण शेतकऱ्याच्या पोराला पोरगी द्यायची म्हटलं की लोक असे तोंड करतात जणू काळ्या पाण्याला पाठवायची आहे. आम्हीच आधी मुलींना 'नोकरीवाला बघू' म्हणून वाढवलं, आता भोगतोय. मलाही बारामतीत नोकरीवाल्यालाच दिलेली आहे, तेव्हा मी तोंड उघडायला नको.

मुलगी सांगवीकडची. मंडळी रविवारी घर बघायला येणार. मध्यस्थानं फोन करून आबांना आतली बातमी दिली, "आबा, मुलीची आत्या लई चोखंदळ हाय. पहिलं बाथरूम बघती." यात आत्याचं काही चुकत नाही. मुलीनं आयुष्य काढायचं ते मुलाच्या बायोडेटावर नव्हे, त्याच्या घरातल्या न्हाणीत आणि स्वयंपाकघरात. पण आबांच्या काळजात धस्स झालं. कारण आमचं बाथरूम.

आमच्या बोअरचं पाणी असं जड आहे की साबण फेस धरत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि चहाला पहिल्यापासून मिठाची चव असते. पाहुण्यांना वाटतं आम्ही हातचं राखून साखर घालतो. त्या पाण्यानं बाथरूमच्या फरशीवर, भिंतीवर पांढरे-पिवळे थर चढलेले. तोटीला तर क्षाराची दाढी आलेली. आईनं लिंबू घासून पाहिलं, वीट घासून पाहिली. फरशी ढिम्म.

शनिवारी सकाळी मी मदतीला म्हणून बारामतीहून आले, तर आबा सोप्यात आपला दारूगोळा मांडून बसलेले. एक बाटली ॲसिडची. टेम्पोवर भोंगा लावून 'ॲसिड, फिनेल' ओरडत जो येतो त्याच्याकडून घेतलेली. तो हाताला लागेल त्या बाटलीत ॲसिड भरून देतो, त्यामुळं बाटलीवर संत्र्याचं झकास चित्र आणि 'सरबत' असं ठसठशीत नाव. दुसरी एक पिशवी टीसीएलची. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. पिण्याच्या पाण्यात टाकायला ती ग्रामपंचायतीत येते, आणि आबांची तिथं ओळख असल्यानं आमच्या घरीही येते.

"आज बघच तू," आबा मला म्हणाले. "आरशागत करतो."

मी 'करा' म्हटलं आणि लाडवासाठी शेंगदाणे भाजायला स्वयंपाकघरात गेले. पुढचं मला नंतर कळलं, थोडं आईकडून, थोडं आबांकडून, आणि दोघांचं सांगणं आयुष्यात पहिल्यांदा जुळलं.

आबांनी अख्खी बाटली फरशीवर आणि भिंतीवर ओतली. फसफस झाली. आबा खूश. "बघ, कसं उकळाय लागलंय! जरा मुरू दे. औषध पानावर बसल्याबगार काम करत न्हाय. मंग वरनं ही पावडर टाक आन दाबून घास. दोन्ही एक झालं की दगडबी पांढरा हुतोय."

आई म्हणाली, "आवं, मी काय म्हनते, पावडर टाकायच्या आदी ॲसिड धुऊन काढू का?"

"धुतलंस तर ताकद न्हाय का जायाची? तुला काय कळतंय त्यातलं!"

एवढं बोलून आबा गाडीला किक मारून कळंबला गेले. कशाला? केस काळे करायला. पाहुणे येणार म्हटल्यावर वरबापाचं डोकं पांढरं कसं दिसून चालेल! लग्न मुलाचं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आईनं सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. आणि वर एक गोष्ट तिनं आपल्या मनानं केली. दार लावून घेतलं. वास घरात पसरायला नको, उद्या पाहुणे येणार आहेत. बाथरूमच्या झरोक्यात डासांसाठी पोतं कोंबलेलं होतंच.

मला खोकला ऐकू आला. आईचे खोकले मला ओळखू येतात. थंडीचा वेगळा, फोडणीचा वेगळा, आबांवर वैतागून मुद्दाम काढलेला वेगळा. हा यातला कुठलाच नव्हता. मी कान टवकारते तोच बादली आपटल्याचा आवाज आला, आणि मग खोकलाच थांबला.

धावत जाऊन दार ढकललं तर वासानं मीच मागं सरले. टीसीएल टाकलेल्या नळाच्या पाण्याला येतो तोच वास, पण नाकात खिळा ठोकावा तसा. डोळे चुरचुरून मिटायला लागले. आई हाताच्या तळव्यांवर आणि गुडघ्यांवर, ब्रश मुठीत, मान खाली. मी पदर तोंडात कोंबला, श्वास धरला, तिला काखेत धरून फरफटत बाहेर अंगणात आणलं. जोरात हाक मारली तसा भाऊ गोठ्यातून पळत आला. आई श्वास घ्यायला बघत होती आणि श्वास आत जात नव्हता. ओठ निळे पडायला लागले. अगं आई गं, काय वाटलं मला ते! ही आता जाते, माझ्या डोळ्यांदेखत जाते, आणि कशासाठी, तर कुणाच्या तरी आत्याला फरशी पांढरी दिसावी म्हणून.

तोवर शेजारणी जमल्या. आमच्याकडं माणूस पडलं की ज्ञान गोळा व्हायला वेळ लागत नाही. एकीनं कांदा फोडून आणला हुंगवायला. दुसरी म्हणाली फिट आलीया, चप्पल लावा नाकाला. तिसरीनं कपभर गरम दूध. चौथी म्हणाली, "नजर लागली, पाव्हनं यायच्यात न्हवं!" जिला श्वास घेता येत नाही तिला ह्या बायका कांदा, चप्पल आणि दूध पाजायला निघालेल्या. मी अशी किंचाळले की कांदेवालीच्या हातातून कांदा पडला, "बाजूला व्हा सगळ्या! वारा लागू द्या तिला!"

भावानं पिकअप काढली. मागं डाळिंबाचे रिकामे क्रेट तसेच. मी आईला मांडीवर टेकवून बसवलेलं, काच खाली. तिचा पंप दिला, काही उपयोग नाही. अंथुर्ण्याजवळ उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर, गाणी लावून डुलत डुलत चाललेल्या, आणि भाऊ हॉर्नवर हात ठेवून रडत होता. तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. काहीतरी सांगायचं होतं. मी कान तोंडाजवळ नेला. मला वाटलं, शेवटचं काही.

"गॅस... बंद... केला का?"

शेंगदाणे! केला नव्हता. मी "केला" म्हटलं.

बारामतीच्या दवाखान्यात तिला आत घेतलं, ऑक्सिजन लावला, वाफेचं मशीन लावलं. डॉक्टरीण माझ्यापेक्षा लहान. तिनं विचारलं, बाथरूममध्ये नेमकं काय होतं? मी निघताना शहाणपणा करून बाटली उचलून आणलेली, ती पुढं केली. डॉक्टरणीनं संत्र्याच्या चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "सरबत?"

हे समजावून सांगत होते तेवढ्यात आबा आले. आणि काय अवतारात! न्हाव्यानं डोक्याला कलप चोपडला होता, तो वाळायच्या आत ह्यांना फोन गेला, तसेच गाडीवर बसून आले. डोकं काळंकुट्ट चिकट, वाऱ्यानं उभं राहिलेलं, घामाबरोबर काळे ओघळ कपाळावर, कानावर, शर्टाच्या कॉलरवर. पाहुण्यांसाठी काढलेला पांढरा शर्ट. नर्स त्यांना पेशंट समजून स्ट्रेचरकडं न्यायला लागली.

डॉक्टरणीनं विचारल्यावर आबांनी सगळं सांगितलं, अगदी कृषी प्रदर्शनात सांगावं तसं. आधी ॲसिड, मुरू दिलं, बायको धुऊ का म्हणत होती ते धुऊ दिलं नाही, मग वरून टीसीएल. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत माणूस जातं. ह्यांना तर आधीच दमा. अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर..."

"पन म्याडम," आबा म्हणाले, "बागंत तर आमी कायम मिसळूनच..."

"काका, त्या डाळिंब नाहीत."

आबा भिंतीला टेकले. आणि मी, इतका वेळ जी दातावर दात धरून उभी होते, ती सुटले. दवाखाना बघितला नाही, माणसं बघितली नाहीत. "डाळिंबाला फवारताना तोंडाला मास्क, डोळ्याला गॉगल, हातात मोजे! कंपनीनं फुकट दिलं म्हणून का होईना, घालता ना? झाडाला काय होईल, फळाला डाग पडेल का, दहा जणांना विचारून येता. आणि तिला आत पाठवताना साधं दार उघडं ठेव म्हणून नाही सांगवलं? ती विचारत होती धुऊ का म्हणून! ती विचारत होती, आबा!"

मला वाटलेलं ते उलटून ओरडतील, तशी मी तयारीतच होते. ते खाली मान घालून बाहेरच्या नळाकडं गेले आणि नळाखाली डोकं धरून राहिले. काळं पाणी बराच वेळ वाहत होतं. मग डोकं तसंच ओलं घेऊन ते आईच्या खोलीच्या दाराबाहेर फरशीवर बसले. अर्धे केस काळे, अर्धे पांढरे. भावानं चहा आणला, तो तसाच थंड झाला. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी आईला बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य काय असावं? "फरशी निघाली का?"

निघाली होती. शेजारणीनं जाऊन गॅस बंद केला होता, जळालेली कढई बाहेर फेकली होती आणि येता येता बाथरूमही बघून आली होती. तिनं स्वतः फोनवर सांगितलं, "लई झकास निघालीया, नव्या घरागत." मुलीकडच्यांना मात्र ती बघायचा योग आला नाही. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप दिला की घरात आजारपण आहे असं कळलं, तर तूर्त राहू द्या. ज्या आजारपणाचं मूळ त्यांच्या आत्याची नजर, त्याच आजारपणानं सोयरीक मोडली. भाऊ म्हणाला, बरं झालं. तो खरंच तसं म्हणाला की नुसतं म्हणाला, मला अजून कळलेलं नाही.

आई घरी आली, पण छाती पूर्वीसारखी राहिली नाही. डॉक्टरणीनं बजावलंय, धूर नको, उदबत्ती नको, तिखटाचा ठसका तर बिलकूल नको. आणि आमच्या घरात फोडणीशिवाय काय शिजतं? भाऊ दूध घालायला डेअरीवर, मी बारामतीत. राहिले आबा. ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, त्यानं कढई हातात घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी आपल्याच पद्धतीनं केलं. मोहरी, जिरं, लसूण, हळद, चटणी, मीठ, सगळं एका वाटीत काढून एकदम तेलात. भाऊ सांगतो, घराबाहेर पळावं लागलं. आई तर परड्यातच होती म्हणून वाचली. मग बापलेकांनी ती कोळशाची आमटी गुपचूप खाल्ली.

मी मध्ये एका रविवारी गेले तर आई बाहेर ओट्यावर, वाऱ्याच्या तोंडाला, खुर्ची टाकून बसलेली. मांडीवर सुपात मेथी. आतून आबांचा आवाज.

"तेल तापलं गं. आता?"

"मव्हरी टाका."

"टाकली. जिरं टाकू का?"

"तडतडू द्या की आदी."

"तडतडली. आता टाकू का?"

"टाका."

"लसूण किती घेऊ?"

मी दारातच थांबले. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "ऐकलंस का? आख्ख्या संसारात ह्यांनी मला इचारून काय केलं न्हाय. जिमीन कुठली घ्यायची, बाग कवा लावायची, तुला कुठं द्यायची, कायबी न्हाय. आता लसूण किती म्हून इचारत्यात." मेथीची काडी मोडून तिनं बाजूला टाकली. "आदी म्हाईत असतं तर कवाच घेतला असता त्यो वास."

आणि ती हसायला लागली. हसता हसता दम लागला, खोकला उसळला, हात कमरेच्या पिशवीकडं गेला. मी पुढं व्हायच्या आत आबा उलथणं हातात तसंच धरून बाहेर पळत आले. मागं कढईत काहीतरी करपत होतं. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"काय झालं गं? पानी देऊ का?"

आईनं पंप मारला, श्वास आत घेतला, थोडा थांबवला, सोडला.

"द्या," ती म्हणाली.